तोफेच्या पल्ल्याइतकी जमीन

सोमवार. वारा समुद्रावरचा.

पडक्या चौकीच्या परवानगीला खरं काय काय लागलं, ते विसरायच्या आत मांडून ठेवतो. अकरा दिवस. किल्लेदाराकडे सात खेपा, त्यातल्या चार भर उन्हात; नव्या जोड्यांचे तळ गेले. एक दाढ. किल्लेदार विनोद सांगत होते, तोंडात बदाम होता, हसता हसता कचकन चावलो नि अर्धी दाढ हातात आली. तरी हसणं थांबवलं नाही. मेव्हण्याशी अबोला, कारण चौकीत त्याची जाळी वाळत असत. आणि हिचं एक वाक्य, तेही फुकट ऐकावं लागलं: "तुम्ही दोन्हीकडच्यांचं बोलता, मग तुमच्यासाठी कोण बोलतं?"

लोक म्हणतात, दुभाष्याचं काय, जिभेला हाड नाही नि धंद्याला भांडवल नाही. त्यांनी माझी दाढ बघावी.

एवढं करून मिळालं ते असं. टोपीकर दोन वर्षं माझ्या वखारीत भाड्याने आहेत. तिथे ओल येते, त्यांचं कापड बुरसतं. आता खाडीपलीकडच्या वाळूच्या दांड्यावर जी जकातीची जुनी चौकी आहे, छप्पर नाही नि चौकटीला दार नाही, ती त्यांना राहायला मिळणार. सोबत आसपासची थोडी जमीन. थोडी म्हणजे किती, ते ठरायचं आहे. किल्लेदार म्हणतात, चाळीस दोर. आमच्याकडे मापाचा दोर तीस पावलांचा, म्हणजे चौकीपासून बाराशे पावलं.

किल्लेदारांना एवढं औदार्य का सुचलं हेही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी म्हणेल की माझ्या गोड बोलण्याने झालं. डोंगरावरच्या गढीत त्यांचा पुतण्या बसला आहे आणि तो म्हणतो, किल्ला माझ्या बापाचा. किल्लेदारांना चार तोफा हव्यात. तोफा टोपीकरांकडे आहेत. बाकीचं सगळं माझं गोड बोलणं.

बुधवार. वारा पडलेला.

टोपीकरांचा मुख्य, ज्याला सगळं बंदर लालमान्या म्हणतं (त्याला वाटतं तो मोठा किताब आहे, मीच तसं सांगितलं), आज विचारत होता की आमच्या गलबतांना नांगराचे दोर कुठून येतात. त्यांच्या देशचे दोर इथल्या उन्हात दोन हंगामांत कुजतात. मी म्हटलं, चला, माहेर दाखवतो.

माहेर म्हणजे दोरवाल्यांची वस्ती. खाडीपलीकडे, चौकीच्या मागे खाजण आहे, खेकड्यांशिवाय तिथे काही नाही. त्याच्या कडेला एकतीस घरांची ही वस्ती. आईबाप गेल्यावर अक्काने मला तिथेच वाढवलं. मी काथ्या पिंजायचो, ती वळायची. पुढे जहाजांवर दोर पोचवता पोचवता खलाशांच्या भाषा कानात शिरल्या. चार भाषा शिकलो, एकाही गुरुजींना तोंड दाखवलं नाही. अक्का तेव्हापासून मला पोपट म्हणते. आता चाळिशी उलटली, वखार झाली, दोन होड्या झाल्या, तरी वस्तीत पाऊल टाकलं की, "आला का रे पोपटा? पाय धू आधी."

लालमान्याने दोर वळायची वाट बघितली. आम्ही तिला नुसतं वाट म्हणतो: तीनशे पावलं सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, तीन पिढ्यांनी चालून चालून जमीन काचेसारखी झाली आहे. एका टोकाला चाक. एकजण चाक फिरवतो, तीन पेडांना पीळ चढतो, आणि अक्का खाचांचा लाकडी ठोकळा धरून मागे मागे चालत जाते. तिच्या हातातून तीन पेड शिरतात नि एक दोर निघतो. हात किती घट्ट धरायचा ते तिच्याइतकं कोणाला कळत नाही. लालमान्या तयार दोराला लहान मुलासारखा लोंबकळला. दोर हूं की चूं नाही. मग त्याने विचारलं की विहिरीचं पाणी गोडं आहे का. गोडं आहे, मी म्हटलं, दांड्यापासून इथवर गोडं पाणी एवढंच. माझी छाती अशी फुगली की जणू विहीर मी खणली.

अक्काने सगळ्यांना जेवू घातलं. फक्त त्यांचा गोलंदाज जेवायला बसला नाही. तो कोणाशी बोलत नाही म्हणून आम्ही त्याला मुका म्हणतो. तो विहिरीपासून चौकीकडे चालत गेला, खाजणातून, चिखल तुडवत, ओठ हलवत. अक्काने विचारलं, पाहुणा जेवायचं सोडून काय पुटपुटतोय? मी म्हटलं, प्रार्थना करत असेल, त्यांच्यात चालता चालता करतात. तसं करतात की नाही मला ठाऊक नाही. पण दुभाष्याने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं.

शुक्रवार. वारा जमिनीवरचा, बरा.

दिवसभर उतरवणी. चौकीसाठी लाकूड, चुना, कौलं. शेवटी जहाजाच्या तळातून एक लांबलचक वस्तू निघाली, शिडाच्या कापडात गुंडाळून शिवलेली. बावीस माणसं लागली. माझी मोठी होडी काठापर्यंत बुडाली. तांडेल म्हणाला, "मालक, आत हत्ती निजलाय का?" लालमान्या म्हणाला, जहाज डुलू नये म्हणून बुडाशी ठेवतात ते वजन आहे, आता इथे खुंटा म्हणून पुरणार. जकातीच्या कारकुनाला मी तसंच लिहायला सांगितलं: जहाजाचं वजन, जुनं लोखंड. त्यावर जकात नसते. लालमान्याने माझी पाठ थोपटली.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, "जुन्या लोखंडाला कोणी अंगरखा शिवतं होय?" बायकांना शिवणापलीकडे काही दिसत नाही.

रविवार. वारा समुद्रावरचा.

आज मोठा दिवस. लालमान्या माझ्याकडे बसला होता. हसत हसत म्हणाला की दोर, पावलं, मोजणारे, त्यात भांडणं फार. त्यांच्याकडे सोपी रीत आहे. दारात तोफ ठेवायची, बत्ती द्यायची, गोळा पडेल तिथवर हद्द. पुढे कोणाला शंका राहत नाही. मग स्वतःच डोकं हलवून म्हणाला, पण नको, आमचं त्यात नुकसान आहे, चाळीस दोरच बरे.

माझे कान टवकारले. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याला वाटत होतं मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात त्यांनी जहाजावरून पिंपावर नेम धरायचा सराव केला तेव्हा मी धक्क्यावर होतो. आवाज झाल्यापासून पाण्यात धप्प होईपर्यंत मी नाडीचे ठोके मोजले. तिन्ही वेळा. आठशे पावलं, फार तर नऊशे. म्हणजे दोराने बाराशे जातात आणि तोफेने नऊशे. तीनशे पावलं वाचतात, आणि मागणारा स्वतः तोंडाने मागतो आहे.

तडक किल्लेदारांकडे गेलो. ते म्हणाले, दुभाषे, घाई करू नका, तोफेचं काय सांगावं. मी छाती ठोकून सांगितलं, "सरकार, या कानांना फसवणारी तोफ अजून ओतायची आहे. नऊशेच्या वर गेली तर माझे कान कापा."

ते हसले. त्यांनाही चार तोफांची घाई होती. ठरलं. लालमान्याला जाऊन सांगितलं तेव्हा त्याने एवढा मोठा सुस्कारा टाकला की मला त्याची दया आली. मनात म्हटलं, बाबा रे, तू सात समुद्र ओलांडून आलास, पण या बंदरात कानावर धंदा करणारा मी एकटा.

मंगळवार.

अक्काला सांगायला गेलो. तिची एकच काळजी, वस्ती नि वाट हद्दीत जाऊ नये. चौकीपासून तिच्या पहिल्या घरापर्यंत सतराशे पावलं. मी तिला वाळूत रेघ ओढून दाखवली: ही चौकी, हे नऊशे, हे तुझं घर. मधे सगळे खेकडे.

ती म्हणाली, "आमचा दोर मोजायला काय वाईट होता?"

मी म्हटलं, अक्का, दोराने तीनशे पावलं जास्त जात होती.

"ती जाऊ द्यायची होती. दोर आपल्या हातचा. तोफ त्यांची." मग म्हणाली, "तू शब्द देतोस का?"

मी दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला नि शब्द दिला. ती सगळ्या वस्तीला ओरडून म्हणाली, पोपट म्हणतोय काही भीती नाही. मीही सांगितलं की त्या दिवशी बार होतील, दचकू नका, काम चालू ठेवा. लालमान्याला मोठ्या जहाजासाठी दोर हवा आहे, तो खोळंबायला नको.

गुरुवार.

कागद झाला. दोन्ही भाषांत मीच लिहिला, माझ्या अक्षराची दोन्हीकडे तारीफ. 'चौकीच्या दारी ठेवलेल्या तोफेचा गोळा जमिनीच्या बाजूस जेथवर पडेल तेथवर, आतील जमीन, पाणी, झाडे व राहणारी माणसे यांसह.' शेवटचे चार शब्द लालमान्याच्या मसुद्यातले. मी म्हटलं, खाजणात माणसं कुठली? तो म्हणाला, रिवाज आहे, लिहिण्याचा. खेकड्यांना माणसांत धरायचं असेल तर धरा, असं मी म्हटलं नि आम्ही दोघं पोट धरून हसलो. शिक्के झाले.

शनिवार. वारा नाही. बार उद्या.

मुक्याने चौकीसमोर ते शिवलेलं लोखंड उसवलं. ती तोफ आहे.

एवढी लांब तोफ मी पाहिली नाही. तिच्याभोवती एक फेरी मारली नि विचार केला, लांबी म्हणजे ताकद असं थोडंच आहे. उंच माणसं काय जोरात ओरडतात? जकातीत मी जुनं लोखंड म्हणून लिहायला लावलं हे मात्र खटकलं. तोफेवर जकात असती. लालमान्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, जुनीच आहे, आणि लोखंडच आहे. खोटं काय बोलला?

संध्याकाळी मुका गाड्याच्या मागे खड्डा खणत होता. तोफेचं बूड खड्ड्यात बसलं, तोंड आभाळाकडे झालं. मी तांडेलाला म्हटलं, हा घारी मारणार वाटतं. सरावाच्या दिवशी तोफेची तोंडं सपाट होती. आभाळात मारलेला गोळा वर जाऊन खालीच पडणार, लांब कसा जाईल? आपण दगड वर फेकला तर डोक्यात पडतो.

तरी आज झोप येईल असं वाटत नाही.

रविवार.

झालं ते लिहितो.

किल्लेदार खुर्चीत बसले होते, लालमान्या शेजारी, मी तोफेच्या उजव्या हाताला, गाड्याला जवळजवळ चिकटून, आवाज नीट यावा म्हणून. मुक्याने स्वतःच्या लोकांना काथ्याचे बोळे दिले कानात घालायला. एक माझ्यापुढे धरला. मी हसून परत केला. मोजायचं मला होतं, मी कान कशाला बुजवू?

त्याने बत्ती दिली. मला आवाज ऐकू आल्याचं आठवत नाही. कोणीतरी मला थोबाडीत मारली असं वाटलं, नि मी वाळूत बसलेला होतो. उठलो. नाडीवर बोट ठेवलं. खाजणाकडे बघत राहिलो, चिखल कुठे उडतो ते पाहायला. चिखल उडाला नाही. मी मोजत होतो, दहा, पंधरा. खाजण तसंच. बगळेसुद्धा उडून गेले नि परत येऊन बसले. मला वाटलं, गोळा समुद्रात गेला. मला बरं वाटलं. देवा, मला त्या क्षणी बरं वाटलं.

मग मुक्याने बोट दाखवलं. वस्तीच्या झाडांच्या मागे, विहिरीच्याही मागे, धुळीचा एक लोट उभा होता. लहानसा. इतक्या लांबून काहीच नाही वाटत.

मुका मोजायला निघाला, मी त्याच्यासोबत. तो मोठ्याने मोजत होता, त्याच्या भाषेत, नि मी माझ्या. खाजणात तो एकदाही अडखळला नाही, कुठे पाय रुततो ते त्याला माहीत होतं. त्या बुधवारी तो प्रार्थना म्हणत नव्हता, पावलं मोजत होता. हे मला नऊशेव्या पावलाला कळलं. तिथे मी थांबलो, तो थांबला नाही.

सतराशेला पहिलं घर आलं. दोन हजारला वाटेचं टोक. माणसं बाहेर उभी होती. एकवीसशेला विहीर. सव्वीसशे चाळीसला खड्डा, त्यात गोळा, अजून गरम. मुक्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, नि पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, चांगली तोफ आहे.

परत येताना वाटेवर अक्का बसलेली दिसली. गोळा डोक्यावरून शिट्टी मारत गेला तेव्हा काम चालू होतं, मी सांगितलं होतं तसं. चाक फिरवणारा घाबरून पळाला. चाक सुटलं, पीळ उलटा फिरला नि ठोकळ्यासकट अक्काचा उजवा हात फिरवून गेला. मनगट मोडलं. हात पदरात गुंडाळलेला होता. लोक म्हणतात ती ओरडली नाही, ठोकळाही सोडला नाही. सोडला असता तर मोडलं नसतं.

मी जवळ गेलो. तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चार भाषा बोलतो.

सोमवार.

ही कानात तेल घालून गेली. काही नाही, भुंगा घोंघावतोय. दोन दिवसांत जाईल.

बुधवार. वारा समुद्रावरचा.

किल्लेदारांकडे गेलो. पुन्हा एक खेप. पायऱ्यांवरच विनवण्या सुरू केल्या की वस्ती तेवढी वगळा, वाट तेवढी वगळा, चूक माझी आहे. ते काही बोलले. मला मान वळवून पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी कागद पुढे केला, नि बोट माझ्या अक्षरावर ठेवलं. "दुभाषे, 'राहणारी माणसे यांसह' हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, ते खेकड्यांसाठी लिहिलं, सरकार.

ते हसले नाहीत. अंगणात चार नव्या तोफा झाकलेल्या होत्या. छोट्या. शिडाच्याच कापडात. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं, की एकतीस घरं म्हणजे काही राज्य नव्हे. पुतण्या एकदा निपटला की टोपीकरांना हुसकायला किती वेळ लागतो? आणि किनाऱ्यावर खाली दुसरे टोपीकर आहेतच, त्यांना बोलावू, एकमेकांची डोकी फोडतील. मी मान डोलवली. हे सगळं बोलताना त्यांचा चेहरा अगदी तसा होता जसा त्या रविवारी त्यांच्यापुढे छाती ठोकताना माझा असणार. परत येताना रस्त्यात एक चांभार म्हणाला, कान शाबूत आहेत का अजून? बातमी बंदरभर झाली आहे.

भटाला ओसरी दिल्याची म्हण ही आज तरी ऐकवणार असं वाटलं होतं. ऐकवली नाही, त्याचंच जास्त लागलं.

शनिवार.

हद्दीचे दगड पुरून झाले. सव्वीसशे चाळीस पावलांवर, अर्धगोलात, चुना लावलेले. विहिरीवर टोपीकरांचा पहारेकरी. लालमान्याने मला बोलावून नव्या रीती सांगितल्या, अगदी प्रेमाने, मधे मधे माझ्या खांद्यावर हात ठेवून. वस्तीने दोर त्यांच्याच जहाजांसाठी वळायचा. कोळ्यांना द्यायचा तर त्यांची चिठ्ठी लागेल. हद्दीबाहेर जाणाऱ्याने सांगून जायचं. हे वस्तीला त्यांच्या भाषेत समजावून सांग, म्हणाला. तू त्यांचाच आहेस.

मी विचारलं, तोफेची गोष्ट तुम्ही कधी ठरवली? चौकी मागायच्या आधी की नंतर? तो मनापासून चक्रावला. म्हणाला, जहाज घरून निघालं तेव्हाच तोफ बुडाशी ठेवली होती. दुसऱ्या एका किनाऱ्यावर त्यांच्या लोकांनी असंच केलं, चांगलं जमलं. म्हणजे मला फसवायला म्हणून काही केलेलं नव्हतं. आमचं बंदर त्यांना ठाऊकही नव्हतं तेव्हा. मी असलो काय, दुसरा कोणी असला काय.

मी इतका वेळ रागावलो होतो, ते निदान माझ्यावर डाव टाकला म्हणून. डावसुद्धा माझ्यासाठी नव्हता.

रविवार.

वस्तीत जाऊन सांगितलं. सगळं, एकेक अट, दोन्ही कानांनी ऐकल्यासारखं स्पष्ट. माझी भाषा आजच्याइतकी शुद्ध कधी नव्हती. शेवटी एक म्हातारा म्हणाला, आणि तू कुठे राहणार? मी म्हटलं, मी तर खाडीअलीकडे, हद्दीबाहेर. तो म्हणाला, हां, बरोबर. एवढंच.

अक्काचा हात फळ्यांत बांधलेला आहे. हाडवैद्य म्हणाला सांधेल, पण पीळ कळणारी पकड परत येणार नाही. मी तिला म्हटलं, माझ्या घरी चल. ती म्हणाली, तुझ्या वखारीत काय वळू? हाताशिवाय वळायचं असतं तर शिकवलं असतं लोकांना आधीच.

ती हसली. मी नाही.

बुधवार. वारा जमिनीवरचा.

दोन दिवस लिहिलं नाही. लालमान्याला मी सांगितलं होतं, वस्ती कुठे जात नाही, घर नि विहीर सोडून माणूस जाईल कुठे. काल पहारेकऱ्याने निरोप आणला की एकवीस घरं रातोरात न सांगता गेली, दरवाजे उघडे आहेत नि आत चुली थंड आहेत.

आज उजाडताना धावत गेलो. उरलेली दहा घरंही निघाली होती. चाक गाडीवर बांधलं होतं, ठोकळे पोत्यात. पलीकडच्या खाडीवर, दोन दिवसांच्या वाटेवर, वाळू सपाट आहे म्हणतात. पाण्याचं बघू म्हणतात. दगडांपाशी टोपीकरांचे चार शिपाई उभे होते. त्यांना हुकूम होता सांगून जाणाऱ्याला अडवू नये, नि हे सगळे एकेक करून सांगून जात होते. आपलं नाव, बापाचं नाव, कुठे चाललो. मी शेजारी उभा राहून प्रत्येकाचं टोपीकरांच्या भाषेत करून देत होतो. त्याशिवाय त्यांना जाऊ दिलं नसतं. ती उरलेली दहा घरं मी माझ्या तोंडाने बाहेर काढली.

मोकळी वाट मागे सरळ दिसत होती. तिच्यावर पाचोळा पडायला सुरुवात झाली आहे. मी पाहिलेल्या इतक्या वर्षांत त्या वाटेवर पान टिकलं नव्हतं.

अक्का सगळ्यांत शेवटी. तिने नाव सांगितलं, मी ते पुढे सांगितलं. शिपायाने विचारलं, हिचं माणूस कोण? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, मग तू जातोस का? मी हे तिला सांगितलं नाही.

गाडी हलली. ती मागे तोंड करून, कठड्याला टेकून, मोडका हात मांडीवर. मी गाडीबरोबर चालत होतो, चांगला हात धरून. दगडांच्या पलीकडे जाताच तिने माझ्याकडे वाकून काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं, ओठ थोडा वेळ हलत होते. चाकांचा आवाजही फार नव्हता. मग ती थांबली, माझ्या उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, तशीच जशी वाटेवर पाहिलं होतं.

मी म्हटलं, हो अक्का. तसंच करतो.

तिने मान हलवली, माझा हात सोडला. गाडी गेली.

काय करायचं ते मला माहीत नाही. मी गाडीच्या उजव्या बाजूला चालत होतो, तिच्याकडे माझा डावा कान होता, आणि तोफेच्या दिवसापासून मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.